सेंटओएस ७ वरून हलताना: वाचनालयाच्या व्हीपीएससाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टिम निवडावी?

महालकर:
नमस्कार. नागपुरात महाल भागातल्या आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची आणि सभासदांची देवघेव एका लहानशा व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) चालते. एक कोर, दोन जीबी रॅम आणि चाळीस जीबी डिस्क एवढेच ते यंत्र असून त्यावर अजूनही सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली आहे. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी थांबल्या, हे ठाऊक असूनही काम लांबणीवर पडत गेले, आणि सभासदांचे पत्ते व फोन क्रमांक त्यावर असल्याने त्याची काळजी मला रोज वाटते. होस्टिंग कंपनी नव्या यंत्रावर अल्मालिनक्स ९, डेबियन १२, उबंटू २४.०४ या लिनक्स प्रणाली आणि जादा भाड्याने विंडोज सर्व्हर देण्यास तयार आहे. ग्रंथसूची पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस यांवर आहे. देखभाल मी एकटाच करतो, तीही नोकरी सांभाळून रविवारी. कोणती निवड करावी?

धंतोलीकर:
विंडोजचा विचार सोडून द्यावा. आपल्या कामाला त्याची गरज नाही, आणि दोन जीबीतली बरीच रॅम त्याचा डेस्कटॉपच खाईल.

उरलेल्या तिघांपैकी मी अल्मालिनक्स ९ सुचवेन. उबंटू २४.०४ ला नेहमीच्या मोफत दुरुस्त्या २०२९ पर्यंत आणि डेबियन १२ ला दीर्घकालीन आधार धरून जून २०२८ पर्यंत मिळतील, तर अल्मालिनक्स ९ ला त्या मे २०३२ पर्यंत मिळणार आहेत. रविवारीच वेळ काढणाऱ्या माणसाला पुढचे स्थलांतर तीन-चार वर्षे उशिरा करावे लागणे ही मोठी सोय आहे. शिवाय आपला हात सेंटओएसवर बसलेला आहे: सॉफ्टवेअर बसवणाऱ्या यमच्या जागी डीएनएफ येते, पण फायरवॉलडी हे फायरवॉलचे साधन तेच राहते आणि संरचनेच्या फायली बहुतेक जुन्याच ठिकाणी सापडतात.

दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्यात. अल्मालिनक्स ९ ला एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा (म्हणजे फार जुना नसलेला) प्रोसेसर लागतो. यजमान यंत्र नवे असले तरी काही कंपन्या व्हीपीएसला जुन्या धाटणीचा आभासी प्रोसेसर दाखवतात, आणि मग प्रणाली सुरूच होत नाही. एलएससीपीयू ही आज्ञा चालवून फ्लॅगांच्या (प्रोसेसरच्या क्षमतांच्या) यादीत एसएसई४_२ आहे का, ते बघावे. दुसरी गोष्ट एसईलिनक्सची, म्हणजे फायलींवरची लेबले पाहून प्रवेश ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेची. होम फोल्डरमध्ये उतरवलेल्या फायली एमव्ही या आज्ञेने वेबच्या फोल्डरात हलवल्या, तर त्यांचे जुने लेबल त्यांच्यासोबतच जाते आणि परवानग्या अचूक असूनही ब्राउझरमध्ये ४०३ (प्रवेश नाकारल्याचा संदेश) दिसतो. अनेक जण अशा वेळी वैतागून एसईलिनक्सच बंद करतात. तसे करू नये; त्या फोल्डरवर रिस्टोअरकॉन ही आज्ञा चालवली की लेबले दुरुस्त होतात.

प्रतापनगरकर:
वरील सल्ला योग्यच आहे, परंतु खरे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या निवडीत नाही, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सेंटओएस ७ सोबत पीएचपी ५.४ येत असे. आपल्या ग्रंथसूचीत डेटाबेसशी जोडणारी, माय-एसक्यूएल-कनेक्ट या घराण्यातली जुनी फंक्शने असतील, तर ती पीएचपी ७.० मध्येच काढून टाकण्यात आली असल्यामुळे वरील तिन्ही लिनक्सवर पान कोरे येईल. डेबियन १२ मध्ये पीएचपी ८.२ आहे, उबंटू २४.०४ मध्ये ८.३ आहे, आणि अल्मालिनक्स ९ वर मुळात ८.० येत असले तरी डीएनएफच्या मॉड्यूलमधून ८.२ घेता येते, तेच घ्यावे. मी स्वतः डेबियन वापरतो, कारण ते हलके आहे, पण आपल्या हाताची सवय मोडावी एवढा तो फरक नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या वाचनालयासाठी सर्वांत नाजूक आहे. जुन्या पीएचपी प्रणालींमध्ये मराठी मजकूर यूटीएफ-८ या मराठी अक्षरे सामावणाऱ्या अक्षरसंचात असूनही डेटाबेसशी जोडणी लॅटिन१ या रोमन लिपीच्या अक्षरसंचात होत असे. जुन्या पानावर सगळे ठीक दिसते, मात्र नवी जोडणी यूटीएफ-८ ची होताच लेखकाच्या नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते. असे झाल्यास डंप (डेटाबेसची फाइलरूपी प्रत) घेताना अक्षरसंच लॅटिन१ द्यावा, त्या फायलीतली अक्षरसंचाची नोंद यूटीएफ८एमबी४ (यूटीएफ-८ चे पूर्ण रूप) अशी बदलावी आणि मग ती भरावी. प्रथम वीस-पंचवीस पुस्तकांवर करून बघावे, आणि ‘ज्ञ’, ‘ऱ्य’, ‘ऑ’ असलेली शीर्षके मुद्दाम तपासावीत.

सदरकर:
जुन्या यंत्रावरच प्रणाली बदलत बसू नका. नवे यंत्र वेगळे घ्या, दोन्ही महिनाभर चालू ठेवा, आणि डीएनएसचा (संकेतस्थळाचे नाव यंत्राच्या पत्त्याशी जोडणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र साठवून ठेवण्याची मुदत, बदलाच्या दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. घोटाळा झालाच तर पाच-दहा मिनिटांत मागे फिरता येईल. मात्र देवघेवीच्या नोंदी एका वेळी एकाच यंत्रावर होऊ द्या.

महालकर:
सर्वांचे मनापासून आभार. कंपनीने चाचणीसाठी दिलेल्या यंत्रावर एसएसई४_२ दिसले, त्यामुळे अल्मालिनक्स ९ निश्चित केले आहे. जुनी फंक्शने ग्रेप या शोध-आज्ञेने शोधली, तेव्हा ती अकरा फायलींत सापडली. त्या पीडीओवर (पीएचपीतल्या डेटाबेस-जोडणीच्या नव्या पद्धतीवर) नेण्यासाठी तीन रविवार लागतील, असा अंदाज आहे. पंचवीस पुस्तकांची चाचणीही केली. पहिल्या वेळी सगळी शीर्षके बिघडलेली आली. लॅटिन१ चा डंप घेऊन पुन्हा भरल्यावर ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द पडद्यावर नीट उमटला, आणि शोध खिडकीत ‘ज्ञा’ एवढेच टाकूनही ते पुस्तक सापडते आहे.