मदत हवी आहे : देवमाशांचा गट नेमका कुठून सुरू झाला असे म्हणावे?

नमस्कार. बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी देवमाशांच्या उत्क्रांतीवर टिपण लिहिताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. जम्मूतील कालाकोट परिसरातल्या खडकांत सापडलेला, सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा इंडोहायस हा मांजराएवढा, चार पायांवर चालणारा खुरांचा प्राणी. तरीही त्याच्या कानाच्या हाडाची आतली कड देवमाशांसारखीच जाड आहे आणि पायांची हाडे पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखी भरीव आहेत. जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसेन आणि सहकाऱ्यांनी हे 2007 साली दाखवले. ते खडक मात्र भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी कितीतरी आधी जमवले होते, हेही मुलांना कळावे असे मला मनापासून वाटते.

आता प्रश्न असा, की जाड कड, मागे सरकलेल्या नाकपुड्या, आखडत गेलेले मागचे पाय ही लक्षणे लाखो वर्षांच्या अंतराने एकेक करून आली असतील, तर नवा गट उदयाला आला असे कोणत्या टप्प्यावर म्हणावे? देवमाशांच्याच गटातल्या डॉल्फिनच्या भ्रूणात मागच्या पायांचे कोंब आजही उगवतात आणि विरून जातात. अशा भ्रूणविकासातील बदलांना वेगळे महत्त्व द्यावे, की लहान बदलांची बेरीज एवढेच स्पष्टीकरण पुरेसे आहे? जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी कृपया उदाहरणासह सांगावे.