आईच्या हिरड्या: आधी खोल सफाई की थेट फ्लॅप सर्जरी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची, कराडजवळच्या गावी असते. मधुमेह आहे, शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.६ आलं. लहानपणापासून रोज मिश्री लावायची. आता कमी केलीय, पण सुटलेली नाही. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, खालचे पुढचे दात हलतात. भाकरी दुधात कुस्करून खाते. बघवत नाही.

एका डॉक्टरांनी ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे काढला. हाड झिजलंय, पॉकेट (दात आणि हिरडीमधली खाच) बहुतेक ठिकाणी ५ मिमी आणि दाढांपाशी ७ मिमी आहेत (निरोगी हिरडीत ३ पर्यंत चालतं), तेव्हा लगेच फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून आतून सफाई) करा म्हणाले. दुसऱ्या मॅडम हिरड्यांच्याच तज्ज्ञ आहेत. त्यांचं मत वेगळं: आधी जागा बधिर करून स्केलिंग आणि रूट प्लेनिंग (हिरडीखाली मुळापर्यंत खोल सफाई), मग सहा-आठ आठवड्यांनी पॉकेट पुन्हा मोजायचे आणि जिथे खोली उरेल तिथेच सर्जरी. मला हे जास्त पटलं.

आईला दोन्ही नको. शेजारच्या काकूंचे दात सफाईनंतर जास्त हलायला लागले म्हणे. कीटण निघालं की दात पडतात, ही तिची पक्की समजूत, म्हणून "सगळे काढून कवळी बसवा" एवढंच चाललंय.

साखर इतकी असताना सफाई करावी का? सर्जरी झालेल्यांचे दात पुढे टिकले का? कराड किंवा सांगलीच्या दंत महाविद्यालयात कोणी उपचार घेतलेत का? आणि मिश्री कशी सोडवलीत, हेही कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं. मॅडमनी सांगितलेल्या क्रमानेच जा. सफाईसाठी साखर उतरायची वाट बघू नका असं आम्हाला सांगितलं होतं, कारण हिरड्यांची सूजही साखर वाढवते. सर्जरी मात्र साखर आटोक्यात आल्यावरच केली.

सफाईनंतर सूज उतरते, हिरडी आकसते, मग फटी दिसतात आणि गार पाणी झोंबतं. हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या पुन्हा कीटणालाच दोष देतील. कवळीची घाई नको. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं आणि खालची कवळी सैल होते. सासूबाईंच्या बहिणीची तर पाण्याच्या वाटीतच पडून असते.

क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, जास्त वापरलं की दातांवर डाग पडतात. मिश्री चालू राहिली तर सर्जरीचाही फायदा कमी होतो. सासूबाईंना सकाळची ती तलफ आली की बडीशेप देत होतो, आणि घरातला डबाच काढून टाकला.

आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका.