मेंदूच्या गाठीला पेटचा नियम लावू नका
काही जण म्हणतात की पेट स्कॅनमध्ये (शरीरात जास्त साखर खाणाऱ्या जागा दाखवणारी तपासणी) गाठ चमकली नाही, म्हणजे काळजी नको. मेंदूच्या बाबतीत हे अजिबात खरं नाही. मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की एफडीजी (या स्कॅनसाठी टोचतात ती किरणोत्सारी साखर) दिल्यावर मेंदूचा सगळा करडा भाग (ग्रे मॅटर) उजळतो, आणि 7-8 मिलिमीटरची गाठ त्यात सहज हरवते.

आईच्या मेंदूतल्या गाठीला रेडिएशन दिल्यानंतर एमआरआयमध्ये पुन्हा ठिपका दिसला, तेव्हा नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी परफ्युजन एमआरआय (रक्तपुरवठा दाखवणारा एमआरआय) करायला लावलं. रंगीत नकाशावर ठिपक्याची जागा निळी, म्हणजे रक्तपुरवठा कमी. गाठ परतली असती तर बहुधा लाल दिसली असती. तीन महिन्यांनी ठिपका आकसला. तो रेडिएशनचाच परिणाम होता. रिपोर्ट घेताना सीबीव्हीबद्दल (मेंदूच्या त्या भागातलं रक्ताचं प्रमाण) काय लिहिलंय, ते नक्की विचारा.