बांधायचं तर किती घट्ट आणि किती वेळ?

रावेरकर: आम्ही नवरा-बायको, दोघांच्या मर्जीचा खेळ. तिला माझं लिंग आणि गोट्या दोरीने बांधायच्या आहेत. घरात केळीच्या झाडांना बांधायची प्लास्टिकची पट्टी आहे. चालेल का?

ओटीवाला_जळगाव: भो, ती पट्टी मळ्यातच राहू दे! पातळ आणि न ताणणारं काहीही कातडीत रुततं. रबरबँड, केबल टायही नको. धातूची रिंग तर अजिबात नको. सूज आली की निघत नाही, मग कटर लागतो आणि चारचौघांसमोर झाकायलाही काही उरत नाही. मऊ, रुंद सुती दोरी घ्या, एका ओढीत सुटेल अशी, ओढल्यावर आवळत न जाणारी गाठ मारा. दोरीखाली बोट सहज गेलं पाहिजे. वीस मिनिटं पुष्कळ झाली, अर्ध्या तासावर कधीच नाही. अधूनमधून हात लावून बघा: गार, निळसर किंवा बधिर वाटलं की लगेच सोडा. बोथट टोकाची बँडेज कात्री उशाशी हवीच. बांधून झोपायचं नाही, आणि त्या दिवशी दारू बंद.

सातपुडा: सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर हा नाद सोडा. आमच्या नंदुरबारकडे तो बराच आहे, आणि त्यात ताठरता उतरतच नाही असं होऊ शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह असेल तरी आधी डॉक्टर.

रावेरकर: आणि दुखलं तर?

ओटीवाला_जळगाव: थांबायचा शब्द आधीच ठरवा. सोडल्यावरही गोटीत जोराची कळ राहिली तर तडक दवाखाना. पीळ पडला असेल तर सहा तासांच्या आत ऑपरेशन लागतं. ताठरता चार तास उतरली नाही तरी तेच. लाजू नका, आम्ही ऑपरेशन थिएटरवाल्यांनी याहून भारी बघितलंय.