तुमच्या हातची कागदी वस्तू: आठवणी सांगा

काल दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले होते. शेजारच्या खुर्चीत सहा-सात वर्षांचा मुलगा, हातात औषधाच्या खोक्यात येतं ते पातळ, लांबलचक माहितीपत्रक. होडी करत होता. टोपीपर्यंत बरोबर आला आणि अडला. उलटी करून बघतोय, सुलटी करून बघतोय. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "टोपीच्या पोटात दोन्ही अंगठे घाल आणि पुढची बाजू पुढे, मागची मागे ओढ." त्याने ओढलं, टोपीचा चौकोन झाला आणि तो एकदम माझ्याकडे बघायलाच लागला.

माझ्या आजोबांनी मला अगदी असंच शिकवलं होतं. ते घडी नखाच्या पाठीने दाबायचे. कागदावरून नख फिरतानाचा तो बारीक आवाज काल चाळीस वर्षांनी जसाच्या तसा कानात आला. त्यांच्या खिशात पाठकोऱ्या कागदाचे चौकोन कायम असायचे. कोणी लहान मूल रडायला लागलं की एक चौकोन बाहेर.

घरी येऊन मी आधी चार होड्या केल्या, मग चहा. तुमच्या हातून काय काय झालंय, सांगा ना.

*

होडी! वाचता वाचताच वाणसामानाच्या यादीची केली. पायऱ्या सांग म्हटलं तर सांगता येणार नाहीत, बोटं आपोआप जातात. आता यादी उलगडून वाचतेय 😄

*

मला उडी मारणारा बेडूक यायचा. लेकीला करून दिला तर जागचा हलत नाही. कोणाला माहीत आहे का काय चुकतंय?

*

बेडूकवाल्या ताई, कागद कुठला घेतलात? वहीचा असेल तर नाही उडणार. जुनं निमंत्रणपत्र, औषधाचं खोकं असं काहीतरी ताठ घ्या. आणि मागच्या पायांची शेवटची घडी नखाने अजिबात दाबू नका, ती स्प्रिंग आहे. दाबून सपाट केली की संपलं. बोट पाठीच्या कडेवर ठेवून मागे सरकवत सोडायचं.

*

आईच्या आजारपणात आम्ही दोघींनी पाकिटं केली. जुन्या मासिकांची रंगीत पानं, एक उघडलेलं पाकीट नमुना म्हणून, बस. ती आखायची, मी कापायची, खळ तीच लावणार, माझी फार जाड बसते म्हणायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. एका पाकिटाच्या आत निळं आभाळ आलं होतं, बाहेरून नुसताच मजकूर. ते तिने कोणालाच द्यायचं नाही म्हणून सांगितलं. अजून कपाटात आहे, रिकामंच.

*

पाकीटवाल्या ताई 🙏 काय लिहू.

*

दवाखान्याचं वाचून लिहितोय. बहिणीचं ऑपरेशन साडेपाच तास चाललं. मला एकच गोष्ट येते, करकोचा. हिरोशिमाच्या सादाको सासाकीची गोष्ट शाळेत ऐकली होती. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, पुढे रक्ताचा कर्करोग झाला, आणि हजार करकोचे केले की इच्छा पूर्ण होते म्हणून दवाखान्यात ती औषधांच्या वेष्टनांचेसुद्धा करायची. 1955 मध्ये बारा वर्षांची असताना गेली. ही गोष्ट अशा वेळी आठवू नये असं वाटत होतं, पण हात थांबत नव्हते. एक्केचाळीस झाले. मान मोडायची शेवटची घडी दर वेळी जरा वेगळी पडते, त्यामुळे कुणी खाली बघतोय, कुणी समोर. बहीण ठणठणीत आहे. करकोचे तिच्याकडे बरणीत आहेत, मला परत देत नाही.

*

देणारच नाही ती! मी असते तर मीही दिले नसते.

*

घडी फाटते, वाकडी जाते अशी तक्रार असेल तर कागदाचा धागा बघा. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात. त्या दिशेने घडी स्वच्छ पडते, आडवी घातली की कडेला फुटते. ओळखायचं कसं? कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर धागा. वह्या शिवायला लागल्यापासून मी प्रत्येक कागद आधी वाकवतो, लग्नपत्रिकासुद्धा. वहीत धागा पाठीच्या शिवणीला समांतर हवा, नाहीतर वही नीट उघडतच नाही.

*

दादा, वह्या कशा शिवता? दाभण लागते का?

*

लागते. जाड सुईनेही चालतं, पण भोकं आधी पाडून घ्या. दोरा मेणावरून ओढा म्हणजे गुंतत नाही. सोळा पानांची साधी वही, मधल्या घडीवर तीन भोकं, मधल्यातून सुरुवात आणि मधल्यातच गाठ. बाकी रात्री लिहितो.

*

मी सातवीला शिकवते. कागदाची पट्टी, अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवायची आणि मधोमध लांबीने कापायची. मुलं ठामपणे सांगतात, दोन कडी होणार. होतं एकच, दुप्पट लांबीचं! दुसऱ्या पट्टीला कडेपासून एक तृतीयांशावर कापलं की दोन होतात, एकात एक अडकलेली, एक मोठं नि एक छोटं. हिला मोबियसची पट्टी म्हणतात. 1858 मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितींना ती वेगवेगळी सुचली. यंदा एका मुलीने कापून झाल्यावर हात वर केला, "बाई, परत कापू?" तास संपला तरी वर्गातलं कोणी उठेना.

*

बाई, आत्ता करून बघितलं. नवरा ऑफिसच्या फोनवर होता, त्याच्यासमोर धरलं. तो फोनवरच "अरे!" म्हणाला.

*

ताई, त्या मुलाच्या होडीचं पुढे काय झालं?

*

त्याने ती त्याच्या आजीच्या मांडीवर ठेवली. नंबर त्यांचाच होता. आजी उठताना होडी पर्समध्ये ठेवायला लागल्या तर म्हणतो, "चपटी नको करू, हातात धर." तशीच तळहातावर धरून आत गेल्या. आजोबांच्या त्या चौकोनांपैकी एकही माझ्याकडे उरलेला नाही, म्हणून आज सकाळी दहा कापून पर्समध्ये टाकलेत.

*

मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते. वहीवाले दादा, रात्री नक्की लिहा, मी दोरा शोधून ठेवलाय.

*

बेडूकवाली मीच. खोक्याच्या पुठ्ठ्याचा केला, घडी दाबली नाही. उडाला!! दोन फरशा ओलांडल्या. लेक म्हणतेय अजून एक कर, शर्यत लावायचीय.