मदत हवी आहे: वेव्ह सोल्डरिंगमध्ये ग्राउंड पिनच्या भोकात सोल्डर वर चढत नाही

मंडळी, १.६ मिमी जाडीचा चार थरांचा सर्किट बोर्ड आहे, तो वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेऊन पिना जोडतो. सोल्डर एसएसी३०५ (शिसं नसलेलं कथील-चांदी-तांब्याचं मिश्रण). कनेक्टरच्या सिग्नल पिना काठोकाठ भरतात, पण ग्राउंडच्या पिना जेमतेम अर्ध्या. आयपीसी-ए-६१० (इलेक्ट्रॉनिक जोडण्या तपासायचं मानक) प्रमाणे क्लास ३ ला, म्हणजे सर्वात कडक दर्जाला, भोकात ७५% भराव लागतो, त्यामुळे लॉट अडकला आहे.

सध्याची सेटिंग: भांडं २६०°, प्रीहीटनंतर (लाटेआधीच्या तापवण्यानंतर) बोर्डाच्या वरच्या बाजूला १०५°, लाटेशी संपर्क ३ सेकंद, अल्कोहोलवालं नो-क्लीन फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड काढणारं, नंतर धुवावं न लागणारं रसायन). फ्लक्स भोकातून वर येतोय हे थर्मल पेपर ठेवून तपासलं, डाग व्यवस्थित उमटतात. पिन ०.६४ मिमी चौकोनी (कर्ण साधारण ०.९), भोक १.० मिमी. म्हणजे जागाही तशी कमीच.

माझा संशय डिझाइनवर आहे. ग्राउंडची भोकं आतल्या थराला आणि वरखालच्या कॉपरला थेट जोडलेली आहेत, थर्मल रिलीफ (उष्णता कमी वाहावी म्हणून कॉपरशी फक्त बारीक पट्ट्यांनी जोडणं) अजिबात नाही. उष्णता तिथेच शोषली जाते आणि सोल्डर मध्येच गोठतं. पुढच्या आवृत्तीत स्पोक (त्या बारीक पट्ट्या) आणि १.१५ मिमीचं भोक करूच.

प्रश्न आताच्या बोर्डांचा आहे. वरची बाजू १२५° पर्यंत नेली तर हे फ्लक्स लाटेपर्यंत टिकेल का? संपर्क ५-६ सेकंद केला तर पॅडच्या कडेचं तांबं किती विरघळेल? आणि खालून प्रीहीटर लावून हाताने भरताना वरून सोल्डर द्यायचं की खालून? वरून दिल्यास मध्ये पोकळी झाकली जाते, ती फक्त एक्स-रेतच दिसते. कोणी असे जाड ग्राउंडचे बोर्ड नियमित काढत असेल तर आपली प्रोफाइल (तापमान आणि वेळेची सेटिंग) सांगा.