दम्याच्या मुलाचं घर: विचारून कळतं की बघून?

औदुंबर: काल एकांनी लिहिलं, "दम्याच्या मुलाच्या घरी भेटीला गेल्यावर 'स्टेरॉइडचा पंप रोज देता का', एवढं विचारलं की घर कसं सांभाळतंय ते कळतं." नाही कळत! उत्तर 'हो'च येतं. पंप मागून त्यावरचा उरलेल्या डोसांचा आकडा बघा. २०० डोसांचा पंप, दोन वेळा दोन-दोन पफ, म्हणजे ५० दिवसांत संपायला हवा. तीन महिन्यांनीही ११० शिल्लक असतील तर निम्म्याहून जास्त डोस चुकलेत. मग समोर घ्यायला लावा. दोन्ही पफ एकदम मारले की औषध स्पेसरच्या (पंपाला जोडायच्या पोकळ नळीच्या) भिंतींवरच बसतं. एक पफ, पाच-सहा श्वास, पुन्हा हलवून दुसरा.

सोनचाफा: आईवर पहारा बसवलात तर ती पफ हवेत उडवून आकडा जुळवेल. का चुकतं ते विचारा. सासूबाई म्हणतात सवय लागेल, उंची खुंटेल.

औदुंबर: सवय लागत नाही. उंचीचं खरं ते सांगा: रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड (पंपातलं स्टेरॉइड) काही वर्षं घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंमी कमी भरली. आटोक्याबाहेरचा दमा त्याहून महाग पडतो.

पाणपोई: पंपाचं जाऊ द्या, घरोघरी नेब्युलायझर आलेत त्याचं काय? दर खोकल्याला साल्ब्युटामॉलची (तात्पुरता आराम देणाऱ्या औषधाची) वाफ, आणि रोजचा स्टेरॉइड पंप कपाटात!

सोनचाफा: रात्री दोनला रडणारं पोर मास्क लावू देत नाही, तेव्हा आईनं काय करायचं?

पाणपोई: रडताना नेब्युलायझरचं औषधही फुप्फुसात नीट उतरत नाही. मास्क तोंडापासून लांब धरला तर आणखीच कमी. साध्या अटॅकला स्पेसरमधून दिलेले पफ तितकेच काम करतात. पोर दिवसा शांत असताना मास्कशी खेळू द्या.

मोगरी: आणि स्पेसर फडक्यानं पुसू नका हो! स्थिर विजेनं औषध आतच चिकटतं. कोमट पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण, बुडवून काढा, तसाच वाळू द्या. घरी गेलात तर आधी हेच विचारा.

पाणपोई: हे मात्र कुणी विचारतच नाही, खरंय. नेब्युलायझरबद्दल माझं मत तेच.

सोनचाफा: बरं, आकडा बघा. पण 'रोज देता का' नको. 'गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेला?' असं विचारा, म्हणजे खरं सांगायला वाट राहते.

औदुंबर: प्रश्न तुमचा घेतो. आकडा सोडणार नाही. आणि निळ्या, म्हणजे साल्ब्युटामॉलच्या पंपाचाही बघणार: वर्षात तीन संपले असतील तर 'बरं आहे' या उत्तरावर मी उठणार नाही.